पुढचं वाक्य

यंदा आठ मार्चच्या निमित्ताने आमच्या वाचनगटात कडाक्याचं भांडण झालं, आणि तेही अडीचशे वर्षांपूर्वीच्या एका अमेरिकन बाईवरून. फळ्यावर कुणीतरी सुंदर अक्षरात लिहून ठेवलं होतं: 'बायकांना विसरू नका – ॲबिगेल ॲडम्स, १७७६'. बोलणाऱ्या ताईंच्या मते ही स्त्रीमुक्तीची पहिली तुतारी. त्यावर मागच्या रांगेतला कॉलेजचा एक मुलगा उठला. म्हणाला, "ताई, हिच्या वडिलांच्या घरी गुलाम होते. ही स्वतः राष्ट्राध्यक्षाची बायको. नवऱ्यावर टीका करणारे संपादक आत जावेत अशी पत्रं हिने लिहिली. आणि हे वाक्य तर तिने थट्टेत लिहिलंय. हिचं नाव फळ्यावर कशाला?" मग तासभर 'त्या काळाच्या मानाने' आणि 'आजच्या निकषांवर' असे दोन दांडपट्टे फिरत राहिले. चहा गार झाला, वेफर्स मात्र संपले. घरी येताना रिक्षात मी ते पत्र फोनवर काढून पुन्हा वाचलं, तेव्हा लक्षात आलं की दोन्ही बाजू एकाच वाक्यावरून हातघाईवर आल्या होत्या, आणि त्याच्या पुढचं वाक्य कुणाच्याच तोंडी आलं नव्हतं.

पत्र ३१ मार्च १७७६ चं. इंग्रज फौज बॉस्टन सोडून जाऊन दोनच आठवडे झालेले. ॲबिगेल मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रेनट्री गावी, शेतीवाडी आणि चार मुलं सांभाळत. नवरा जॉन ॲडम्स, पुढे अमेरिकेचा दुसरा राष्ट्राध्यक्ष झालेला, तेव्हा फिलाडेल्फियाला, वसाहतींच्या प्रतिनिधींच्या काँग्रेसमध्ये. ती लिहिते की तुम्ही स्वातंत्र्य जाहीर केल्याची बातमी ऐकायला मी आतुर आहे, आणि हो, नवे कायदे कराल तेव्हा बायकांना विसरू नका, पूर्वजांपेक्षा त्यांच्याशी जरा उदारपणे वागा. इथवर सगळ्यांना पाठ असतं. पुढचं वाक्य असं आहे: 'नवऱ्यांच्या हातात अशी अमर्याद सत्ता देऊ नका. लक्षात ठेवा, जमलं तर सगळेच पुरुष जुलमी होतील.'

म्हणजे मागणी काय आहे? 'बायकांना विसरू नका' ही मागणी नव्हे, ती प्रस्तावना आहे. मागणी नवऱ्यांच्या सत्तेबद्दल आहे. माझं म्हणणं एवढंच की ॲबिगेल ॲडम्सला मताधिकाराची आद्य आई करणारे आणि तिला सुखवस्तू घरातली बोलघेवडी बायको म्हणून निकालात काढणारे, दोघेही तिला वाचतच नाहीत. लग्न झालं की बाईचं सगळं नवऱ्याचं होतं या एका नेमक्या कायद्याची ती टीकाकार होती. कायदा हलला नाही तेव्हा तिने आपल्या घरापुरतं त्या भिंतीला चाळीस वर्षं भोक पाडत ठेवलं. आणि ती राजकारणी होती, म्हणूनच तिच्या राजकीय चुकाही तिच्याच खात्यावर टाकल्या पाहिजेत.

एक छोटं विषयांतर. तिच्या पत्रांचं मराठी करताना पहिल्याच ओळीत अडायला होतं. इंग्रजीत दोघं एकमेकांना 'यू' म्हणतात. मराठीत तिच्या तोंडी 'अहो' घालायचं की 'तू'? दोघांचाही पत्रातला मायना एकच, 'माझ्या परमप्रिय मित्रा' किंवा 'मैत्रिणी'. म्हणून मी पुढे दोघांनाही तूच म्हणायला लावणार आहे, आणि लिहिताना दोघांनाही एकेरीत ठेवणार आहे. आपल्याकडे 'जॉन ॲडम्स यांनी' आणि 'ॲबिगेलने' असं सर्रास छापलं जातं, त्यापेक्षा हे बरं.

आता तो कायदा. इंग्लंडमधून वसाहतींत आलेल्या रूढ कायद्यानुसार लग्न झालेल्या बाईला स्वतंत्र कायदेशीर अस्तित्वच उरत नसे. तिचे पैसे, दागिने, भांडीकुंडी, मजुरी नवऱ्याची. माहेरून जमीन आली तर तिचा कारभार आणि उत्पन्न नवऱ्याकडे. तिला स्वतःच्या नावाने करार करता येत नसे, एकटीने फिर्याद लावता येत नसे, नवऱ्याच्या संमतीशिवाय मृत्युपत्र करता येत नसे. आपल्या धर्मशास्त्रांनी बाईच्या पदरात फार काही टाकलं होतं असं कुणी म्हणणार नाही, पण 'स्त्रीधन' हा शब्द तरी होता. या कायद्यात त्याला समांतर असं सामान्य बाईच्या वाट्याला जवळजवळ काही नव्हतं. विधवा किंवा अविवाहित बाई मात्र मालमत्ता बाळगू शके. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने बाई असण्यात खोट नव्हती, बायको असण्यात होती. हे ध्यानात घेतलं की 'पुरुषांच्या' न म्हणता 'नवऱ्यांच्या हातात' हा शब्द तिने का घातला ते कळतं.

थट्टेचा मुद्दा मात्र खराच जोरदार आहे, आणि तो आधी मान्य करून टाकते. पत्राचा सूर खेळकर आहे. आमच्याकडे लक्ष दिलं नाहीत तर आम्ही बंड पुकारू, आणि ज्या कायद्यात आमचा आवाज नाही, प्रतिनिधित्व नाही, तो आम्हाला बांधील मानणार नाही, असं ती लिहिते. प्रतिनिधित्व नाही तर कर नाही, ही तेव्हाची घोषणा तिने हसत हसत नवऱ्याच्याच अंगावर उलटवली आहे. जॉननेही १४ एप्रिलला त्याच सुरात उत्तर दिलं: तुझ्या या अजब कायदेसंहितेला मी हसण्यापलीकडे काय करू? आमच्या लढ्यामुळे मुलं आणि शिकाऊ कामगार ऐकेनासे झाले, शाळा-कॉलेजांत दंगे झाले, इंडियन (म्हणजे तिथले मूळ रहिवासी) आणि निग्रो उद्धट झाले असं ऐकत होतो. या सगळ्यांहून संख्येने नि बळाने मोठी अशी एक जमात नाराज असल्याचं तुझ्या पत्रातूनच पहिल्यांदा कळलं. आमची पुरुषी व्यवस्था रद्द करण्याइतके आम्ही खुळे नाही. झालं, विषय संपला. नवरा-बायकोची चेष्टामस्करी.

पण संपला का? ॲबिगेलने २७ एप्रिलला आपली मैत्रीण मर्सी ओटिस वॉरन हिला सगळा प्रकार कळवला. मर्सी म्हणजे राजकीय नाटकं लिहिणारी, पुढे क्रांतीचा इतिहास लिहिणारी बाई. तिला ॲबिगेल लिहिते की आपण दोघी मिळून काँग्रेसकडे अर्ज करू या. आणि जॉनला मी सांगेन की तुझ्या सद्गुणांचा निःस्वार्थीपणा मी फक्त तोलून पाहत होते, पारड्यात तो हलका भरला. थट्टा इथेही आहे, पण थट्टेचा विषय बदलला. ७ मे रोजी ती जॉनला पुन्हा लिहिते: सगळ्या राष्ट्रांना मुक्त करायला निघालायस, आणि बायकांवरची अनियंत्रित सत्ता मात्र सोडवत नाही, याला मी औदार्य म्हणू शकत नाही. यात हसू कुठे आहे?

जॉनचं हसूही फार टिकलं नाही. २६ मे रोजी, म्हणजे हसण्याला बरोबर सहा आठवडे झाल्यावर, त्याने जेम्स सलिव्हन नावाच्या मॅसॅच्युसेट्समधल्या सहकाऱ्याला एक गंभीर पत्र लिहिलं. विषय होता मतदानासाठी मालमत्तेची अट काढावी का. जॉनचं उत्तर होतं, नको, ही भांडणांची खाण आहे. ती उघडलीत तर नव्या नव्या मागण्या येतील, बायका मत मागतील, बारा ते एकवीस वर्षांची पोरं मागतील, खिशात दमडी नसलेला प्रत्येक जण मागेल. घरात जे हसण्यावारी नेलं ते बाहेर याला भीतीदायक वाटत होतं. ज्या गोष्टीत काही दम नाही तिच्याविरुद्ध कुणी एवढी नाकाबंदी करत नाही. आणि थट्टेतून बोलणं हा काय फक्त ॲबिगेलचा मार्ग होता? आपल्या जात्यावरच्या ओव्या काढून बघा. सासूला, नवऱ्याला, दिराला जे तोंडावर म्हणता येत नाही ते गाण्यात, हसण्यात घालून म्हटलेलं असतं. ते हसत म्हटलं म्हणून खोटं होत नाही. ज्याच्या हातात सत्ता आहे त्याला गंभीर चेहऱ्याने बोलण्याची चैन परवडते.

'खासगी पत्र होतं हो ते' हा याचाच धाकटा भाऊ. आपली पत्रं जाळून टाक असं तिने जॉनला अनेकदा लिहिलंय, हे खरं. पण त्या काळात पत्र खासगी राहण्याची खात्री कुणाला होती? जुलै १७७५ मध्ये जॉनने लिहिलेली पत्रं वाटेत इंग्रजांच्या हाती लागली. त्यांतलं एक ॲबिगेलला लिहिलेलं. ती वर्तमानपत्रात छापून आली आणि जॉनची पंचाईत झाली. त्यानंतर आठ महिन्यांनी ती नवऱ्यांच्या सत्तेबद्दलचं पत्र लिहिते आहे. पत्र फुटू शकतं हे पक्कं माहीत असलेल्या बाईने लिहिलेलं ते पत्र आहे. घरची, गावची, लष्कराची बातमी, भाव, मतं असं सगळं त्याच कागदावर यायचं. नाटकं आणि रोमन इतिहास वाचलेली ही बाई सही करायची 'पोर्शिया', ब्रूटसची बायको. शाळेचं तोंड न पाहिलेल्या, वडिलांच्या पुस्तकांवर वाढलेल्या बाईचं राजकारणाचं व्यासपीठ म्हणजे हा कागदच होता. दुसरं होतं कुठे?

ती मत मागत होती का? फळ्यावर तिचं नाव लिहिणाऱ्यांचं म्हणणं, होय; आणि त्यांच्या बाजूने पुरावा आहेच. 'आवाज नाही, प्रतिनिधित्व नाही' हे शब्द त्याच पत्रातले. जून १७८२ मध्ये ती लिहिते की बायकांची देशभक्ती सर्वांत निःस्वार्थ, कारण मानमरातब नाही, पदं नाहीत, कायदे करण्यात आवाज नाही, तरी ते कायदे पाळायचेच. एवढं सोसून आम्ही सार्वजनिक हिताबद्दल बेफिकीर झालो नाही हेच नवल. १७९७ मध्ये तर बहिणीला साफ कळवते की आपल्या राज्याची घटना न्यू जर्सीइतकी उदार असती तर मी नक्की मत दिलं असतं. न्यू जर्सीत खरोखरच १७७६ पासून पन्नास पौंडांची मालमत्ता असलेल्या रहिवाशाला मत होतं, आणि त्यात विधवा व अविवाहित बायका मतदान करत. १८०७ मध्ये तो हक्क काढून घेतला गेला. हे सगळं खरं. पण याच बाईने १७९९ मध्ये धाकट्या बहिणीला लिहिलं की प्रत्येक ग्रहाने आपापल्या कक्षेत प्रकाशावं. बाईची कक्षा घर, हे तिला मान्य होतं. मात्र त्याच पत्रात ती म्हणते की आमच्या स्त्रीजातीला कमी लेखलेलं मी कधीही चालवून घेणार नाही. पुरुष धनी असेल तर बाई धनीण आहे. धनीण! मताची मागणी तिच्या लिखाणात अधूनमधून चमकते. घरातल्या मालकीची मागणी मात्र संपत नाही. १८८१ मध्ये मताधिकार चळवळीच्या पुढारी बायकांनी आपला इतिहास छापला तेव्हा १७७६ चं पत्र त्यात घेतलं. त्यांचा लढा मताचा होता, त्यांना आजी हवी होती, त्यांनी तिला आजी केलं. त्यात गैर काही नाही, पण आजीचं म्हणणं त्या गडबडीत मागे पडलं.

आता तिने काय केलं ते बघू, कारण मला सगळ्यात रस आहे तो त्यात. जून १७७५ मध्ये बॉस्टनला वेढा पडलेला असताना ती जॉनला फिलाडेल्फियाहून टाचण्यांचं एक पुडकं आणायला सांगते. टाचण्यांची इतकी ओरड आहे की साडेसात शिलिंगांना मिळायच्या त्यांना आता वीस शिलिंग पडतात, असं कारण देते. काँग्रेसमध्ये राष्ट्र घडवणाऱ्या माणसाने बाजारात टाचण्या शोधायच्या! पण भाव तिच्या डोक्यात पक्का असतो. जॉन फ्रान्सला गेल्यावर तिने त्याला रोकड पाठवण्याऐवजी माल पाठवायला लावलं. हातरुमाल, रिबिनी, चहा असा माल यायचा, तो ती नातेवाइकांमार्फत विकायची आणि त्यावर घर चालायचं. ३१ जुलै १७७७ च्या पत्रात तिने बॉस्टनमधली एक हकिगत मोठ्या चवीने सांगितली आहे. एका धनाढ्य, कंजूष व्यापाऱ्याने कॉफी दडवून ठेवली होती. पौंडाला सहा शिलिंगांच्या खाली द्यायला तो तयार नव्हता. शंभरेक बायका हातगाड्या घेऊन वखारीवर गेल्या आणि किल्ल्या मागितल्या. तो देईना, तेव्हा एकीने त्याची मानगूट धरली आणि त्याला गाडीत आपटला. किल्ल्या मिळाल्यावर त्यांनी गाडी उलटी करून त्याला ओतून दिला, वखार उघडली, कॉफी स्वतः गाडीवर चढवली आणि निघून गेल्या. पुरुषांची मोठी गर्दी थक्क होऊन मुकाट बघत उभी होती. हे शेवटचं वाक्य लिहिताना तिला काय वाटलं असेल ते सांगायला नको. थोड्याच काळात टंचाईतला माल चढ्या भावाने विकणाऱ्यांत ती स्वतः होती, हेही सांगून टाकलेलं बरं.

जॉनचा सगळा जीव जमिनीत. शिल्लक पडली की शेजारचा तुकडा घ्यायचा, हे त्याचं अर्थशास्त्र. ॲबिगेलला सरकारी रोखे पसंत होते, कारण व्याज येतं आणि गडीमाणसं लागत नाहीत. त्यातल्या काही पैशांना ती 'माझे' पैसे म्हणायची. कायद्याने त्या शब्दाला काडीचा अर्थ नव्हता. तिची गुंतवणूक व्हायची ती काका कॉटन टफ्ट्स यांच्या हातून. युद्धात सरकारने देणी भागवण्यासाठी दिलेले रोखे मातीमोल भावाने विकले जात होते, ते तिने घेतले. १७९० मध्ये अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टनच्या योजनेने संघसरकारने ते कर्ज दर्शनी किमतीने मान्य केलं आणि असे रोखे धरून बसलेल्यांचं उखळ पांढरं झालं. ते विकून टाकणाऱ्यांत गरजेपोटी हात पोळलेले सैनिकही होते. ॲबिगेलच्या पत्रांत त्या सैनिकांसाठी मी हळहळ शोधली, मला ती दिसली नाही. १७८२ मध्ये तिने व्हर्मॉन्टला जमीन घेतली, कागदावर नाव नवऱ्याचं आणि मुलांचं. जॉनने युरोपातून लिहिलं, व्हर्मॉन्टच्या भानगडीत आता आणखी पडू नकोस. मोठ्या रकमांचा निर्णय ती करते आणि तो दूरवरून कुरकुरतो, हे चित्र 'पतीला साथ देणारी पत्नी' या फ्रेममध्ये बसत नाही. बसावं म्हणून खटपट झाली. १८४० मध्ये नातू चार्ल्स फ्रान्सिस ॲडम्सने आजीची पत्रं छापली तेव्हा शुद्धलेखन नीटनेटकं केलं आणि घरगुती, व्यवहाराचा पुष्कळ मजकूर गाळला. एकमेकांना लिहिलेली अकराशेहून अधिक पत्रं या जोडप्याची उरली आहेत. ॲडम्स घराण्याचा सगळा दप्तरखाना मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीकडे सोपवला गेला तो १९५६ मध्ये, आणि खरी बाई दिसायला लागली ती त्यानंतर.

गुलामगिरीच्या प्रश्नावर त्या मुलाचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. वडील धर्मोपदेशक विल्यम स्मिथ, त्यांच्या घरी गुलाम होते. त्यांतली फीबी त्यांच्या मृत्यूनंतर, १७८३ मध्ये, मुक्त झाली. बाईच्या मनातलं वर्णाचं किल्मिषही खोटं नाही. लंडनमध्ये 'ऑथेल्लो'चा प्रयोग पाहताना काळ्या मूरने गोऱ्या डेस्डेमोनाला स्पर्श केला की अंगावर शहारा येत होता, असं तिने स्वतः लिहून ठेवलंय. पण उरलेलं अर्धंही वाचा. सप्टेंबर १७७४ मध्ये ती लिहिते की या प्रांतात एकही गुलाम नसावा असं मला मनापासून वाटतं. ज्यांचा स्वातंत्र्यावर आपल्याइतकाच हक्क आहे त्यांच्यापासून जे आपण रोज लुटतो, त्याच्यासाठी आपणच लढायचं, हा मला नेहमीच पापी उद्योग वाटला. आणि १७९७ मध्ये, जॉन राष्ट्राध्यक्ष होण्याच्या तोंडावर, तिच्या घरी काम करणाऱ्या जेम्स प्रिन्स या कृष्णवर्णी मुलाला तिने गावच्या रात्रशाळेत घातलं. एक शेजारी सांगायला आला की हा राहिला तर बाकीची मुलं शाळा सोडतील. तिने विचारलं, त्याने काही वाईट वर्तन केलं का? नाही. मग नाच असतो तेव्हा हीच मुलं त्याला वाजवायला बोलावतात, तेव्हा हरकत नसते का? तोंड काळं म्हणून त्याला शिक्षण नाही, तर त्याने पोट कसं भरायचं? त्याला माझ्या बैठकीच्या खोलीत बसवून लिहायवाचायला शिकवताना मला कमीपणा वाटला नाही. मुलगा शाळेत राहिला. शहारा आणि बैठकीची खोली, दोन्ही त्याच बाईची. आपल्या घरातल्या सुधारक आजोबांची चरित्रं आठवा. सार्वजनिक विहिरीवर भाषण करून आल्यावर घरातल्या पाण्याच्या माठाचं काय होतं, ते सगळ्यांना ठाऊक आहे.

ज्या आरोपावर मी तिचा बचाव करणार नाही तो १७९८ चा. फ्रान्सशी युद्ध पेटेल की काय अशी हवा. फिलाडेल्फियाच्या 'ऑरोरा' पत्राचा संपादक बेंजामिन फ्रँकलिन बेश, म्हणजे फ्रँकलिनचा नातू, रोज जॉनवर तुटून पडत होता. म्हातारा, किरकिरा, टकला, आंधळा, लंगडा, बोळका ॲडम्स, अशी विशेषणांची माळ ॲबिगेलने बहिणीला उतरवून पाठवली. आणि लिहिलं की काँग्रेसने राजद्रोहाचा कायदा केल्याशिवाय यावर काहीही उपाय चालणार नाही. १४ जुलैला जॉनने त्या कायद्यावर सही केली. त्याखाली व्हर्मॉन्टचा काँग्रेस-सदस्य मॅथ्यू लायन चार महिने तुरुंगात गेला, आणि लायनला त्याच्या मतदारांनी तुरुंगात असतानाच पुन्हा निवडून दिलं. बेशला त्याआधीच अटक झाली होती. खटला उभा राहण्यापूर्वी तो पिवळ्या तापाने गेला. सहा वर्षांनी, जॉननंतरचा राष्ट्राध्यक्ष जेफरसन याच्याशी झालेल्या पत्रव्यवहारातही तिचा सूर नरमलेला नाही. त्या कायद्याखाली शिक्षा झालेल्या कॅलेंडर नावाच्या लेखकाला तू माफी दिलीस, पैसे दिलेस, आणि दूध पाजलेला तो साप अखेर तुलाच चावला, असं ती त्याला ठणकावते.

तिचे चाहते इथे गडबडतात. म्हणतात, नवऱ्यावरच्या प्रेमापोटी हो, आणि मुलांची काळजी. हा बचाव मला आरोपापेक्षा अपमानकारक वाटतो. मार्च १७७६ मधलं तिचं वाक्य म्हणजे राजकीय विचार, आणि एप्रिल १७९८ मधलं म्हणजे हळव्या बायकोचं मन? बरं बोलली की विचारवंत, वाईट बोलली की बिचारी? तेव्हाचे विरोधक तिला जास्त ओळखून होते. विरोधी पक्षाच्या अल्बर्ट गॅलटिन यांनी तिला 'मिसेस प्रेसिडेंट' म्हटलं, देशाच्या नव्हे तर एका गटाच्या. फेब्रुवारी १७९९ मध्ये जॉनने फ्रान्सकडे शांततेसाठी वकील पाठवायचं अचानक जाहीर केलं, तेव्हा ती आजारी, क्विन्सीच्या घरी. जॉनच्याच पक्षाचे लोक म्हणाले की म्हातारी इथे असती तर हे झालं नसतं. गंमत म्हणजे म्हातारीला तो डाव बेहद्द आवडला होता. तिच्या वजनाबद्दल शत्रू-मित्र दोघांना खात्री होती. ते वजन कुठल्या पारड्यात पडेल याचा अंदाज मात्र त्यांना नव्हता.

राजकारणात वजन असलेल्या बाईला एका ओळीत बंद करायची हौस आपल्यालाही नवी नाही. बॉस्टनच्या बंदरात चहाच्या पेट्या बुडाल्या त्याच वर्षी, १७७३ मध्ये, पुण्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. आनंदीबाईंनी पत्रात 'ध'चा 'मा' केला ही गोष्ट पोरासोरांना पाठ. त्या एका अक्षराला भक्कम पुरावा नाही, रामशास्त्र्यांनी दोषी धरलं ते राघोबादादांना. पण आनंदीबाई म्हटलं की ते अक्षरच उरलं. एकीचं सगळं आयुष्य एका अक्षरात, दुसरीचं एका वाक्यात. एकीला खलनायिका करायला, दुसरीला देवी करायला. दोन्हीकडे वाचायचे कष्ट वाचतात.

राहता राहिला त्या मुलाचा शेवटचा प्रश्न, जो वादात विरून गेला: "पण शेवटी तिच्या पत्राने बदललं काय?" कायद्यात काही नाही. मॅसॅच्युसेट्सने विवाहित स्त्रीला तिच्या मालमत्तेचा हक्क दिला तो १८५५ मध्ये, तिच्या मृत्यूनंतर सदतीस वर्षांनी. १८१६ च्या जानेवारीत, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, ॲबिगेलने एक मृत्युपत्र लिहिलं. आरंभी रीतसर नोंद, 'जॉन ॲडम्स यांची पत्नी, त्यांच्या संमतीने'. कायद्याच्या दृष्टीने तिच्या नावावर वाटायला काहीच नव्हतं. तरी तिने वाटलं. मुलग्यांना नावापुरतं देऊन बाकी जवळजवळ सगळं बायकांना: नाती, सुना, भाच्या, घरात काम करणाऱ्या बाया. कुणाला पैसे, कुणाला कपडे, कुणाला दागिने. २८ ऑक्टोबर १८१८ रोजी विषमज्वराने ती गेली. या कागदाला कोर्टात काही किंमत नव्हती, ऐंशी पार केलेल्या जॉनने तो फाडला असता तरी कुणी विचारलं नसतं. त्याने तो अक्षरशः पाळला.

त्या यादीत लुइझा स्मिथ हे एक नाव आहे. ॲबिगेलच्या दारूपायी वाया गेलेल्या भावाची ही मुलगी. आत्याने तिला लहानपणापासून आपल्या घरी वाढवलं. आत्या गेल्यावर ती त्याच घरात राहिली, आणि जॉनचं शेवटपर्यंत, १८२६ पर्यंत तिनेच केलं. लुइझाने लग्न केलं नव्हतं. यादीतल्या लग्न झालेल्या बायकांच्या हातात आलेला पैसा कायद्याने त्याच दिवशी त्यांच्या नवऱ्यांचा झाला. लुइझाचा मात्र लुइझाचाच राहिला.